जिवाची मुंबई, कुणाच्या पॉइंटांवर?

मौज करायला माणूस कुठेही गेला तरी मराठीत तो 'जिवाची मुंबई' करतो. जिवाचं पुणं कुणी केल्याचं ऐकिवात नाही, जिवाचं नाशिक तर नाहीच. हा वाक्प्रचार मुंबईबाहेरच्यांचा आहे, हे उघड आहे. रोज सकाळी लोकलला लटकणारा माणूस जिवाची मुंबई करत नाही, तो जीव मुठीत धरून कामाला जातो.

आमचं राहाता नगर-मनमाड रस्त्यावर, शिर्डीच्या अलीकडे पाच किलोमीटर. मुंबई इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. मुंबईकर हजारोंनी आमच्या अंगणातून शिर्डीला जातात. आमची माणसंही मुंबईला जातात, पण कशासाठी? मंत्रालयात कागद अडकला म्हणून, भरती आहे म्हणून, दवाखाना आहे म्हणून, लग्न आहे म्हणून. नुसती मुंबई बघायला जाणं हा वेगळा प्रकार आहे. त्याला कारण सांगता येत नाही आणि कारण नसलेल्या प्रवासाला घरात पैसे निघत नाहीत.

या दिवाळीत आमच्या घरात असा बिनकामाचा प्रवास ठरला. आजी, आई, आत्या आणि मी. मी पुण्यात नोकरी करते, माझ्याकडे क्रेडिट कार्ड आहे आणि त्यावर तीन वर्षांत १४,००० पॉइंट साठले आहेत. धाकटा भाऊ म्हणाला, "दीदी, मग काय, सगळं फुकटात!" हा 'फुकट' शब्द माझ्या डोक्यात अडकला. फुकट म्हणजे कुणीतरी पैसे दिलेले असतात, आपण फक्त त्याला पाहिलेलं नसतं. आमच्या भागातल्या माणसांचा प्रवास आजवर कुणाच्या पैशावर झाला, याचा माग मी काढायला लागले, तेव्हा पॉइंट ही गोष्ट ॲपपेक्षा फारच जुनी निघाली.

पेरूची पेटी

सगळ्यात जुनी योजना आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तिचं नाव पाहुणचार.

राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. बाजार समितीत त्याचे लिलाव होतात आणि गाड्या भरून तो बाहेर जातो. पण त्यातल्या काही पेट्यांचा लिलाव होत नाही. त्या बोरिवली, कल्याण, चिंचवड अशा ठिकाणच्या पाहुण्यांकडे जातात. सोबत बाजरी, कधी गावरान तूप, कधी लोणच्याची बरणी. या पेटीची पावती कुणी फाडत नाही, पण दोन्ही घरांत तिची नोंद राहते. मग कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाची मुलाखत असली की त्या नोंदीच्या जोरावर मुंबईत आठ दिवस अंथरूण मिळतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर हे पॉइंटच. आधी साठवायचे, मग वापरायचे. यांनाही मुदत असते: दोन वर्षं पेटी गेली नाही की दारातलं "या, बसा" जरा थंड होतं. मात्र या योजनेत दोन्ही बाजूंचे कष्ट बाईच्या अंगावर असतात. पेटी भरणारी बाई, आणि तिकडे दोन खोल्यांच्या घरात चार माणसांचा स्वयंपाक वाढवणारीही बाई. मुक्कामाला जाणारा मात्र बहुतेक वेळा पुरुष. साठवणारा एक आणि वापरणारा दुसरा, हा प्रकार इथूनच सुरू होतो. पुढच्या प्रत्येक योजनेत तो भेटला.

रेल्वे, कूपन आणि चिकटवायची तिकिटं

साईबाबांच्या चरित्रात राहात्याचं नाव येतं ते इथल्या खुशालचंद शेठजींमुळे. बाबा शिर्डीहून त्यांना भेटायला राहात्याला येत, कधी बैलगाडीने, कधी टांग्याने. तेवढ्याच काळात त्यांच्या दर्शनाला मुंबईची माणसं मात्र आगगाडीने येत होती. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली होती. कोपरगावला उतरायचं आणि पुढे टांग्याने किंवा बैलगाडीने. शिर्डीला स्वतःचं स्टेशन मिळायला २००९ साल उजाडलं.

रेल्वे आल्यावर एक नवा प्रश्न तयार झाला: गाडीत जागा भरपूर आहे, माणसं कशी आणायची? इंग्लंडमध्ये थॉमस कुक या गृहस्थाने त्याचं उत्तर १८४१ साली शोधलं होतं. दारूबंदीच्या सभेसाठी त्याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसांची खास गाडी नेली, माणशी एक शिलिंगात. एकट्याने मागितली तर न मिळणारी सवलत पाचशे जण एकत्र आले की मिळते. पुढे १८६८ च्या सुमारास त्याने हॉटेलची कूपनं काढली. कूपन घरीच विकत घ्यायचं आणि परगावच्या हॉटेलात ते दाखवून राहायचं. १८८१ पासून त्याच्या कंपनीचा कारभार मुंबईतही सुरू झाला.

कुकचं कूपन आपण पैसे देऊन घेत होतो. 'फुकट' मिळणाऱ्या कूपनाचा धंदा अमेरिकेत १८९६ साली उभा राहिला. स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी छोटी हिरवी तिकिटं छापून दुकानदारांना विकायची. दुकानदार ती गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात वाटायचे. बायका ती वहीत चिकटवत आणि वह्या भरल्या की कंपनीकडून किटली, दिवा, गालिचा असं काहीतरी मिळायचं. तिकिटांचे पैसे दुकानदार देई, म्हणजे ते मालाच्या भावातच आलेले असत. ज्या गिऱ्हाइकाने तिकिटं नेली नाहीत किंवा वही पूर्ण भरली नाही, त्याने दुसऱ्याच्या किटलीला हातभार लावलेला असे. आजच्या पॉइंटांचं सगळं यंत्र या हिरव्या तिकिटात आहे. फक्त डिंक गेला.

१ जून १९४८

आमच्या जिल्ह्याचा प्रवासाच्या इतिहासात एक मान आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला गेली. बेडफर्ड कंपनीची, लाकडी बॉडीची गाडी. त्याआधी खाजगी सर्व्हिस मोटारी चालत. त्या भरल्याशिवाय सुटत नसत आणि कधी सुटतील ते मालकाच्या मर्जीवर असे. एसटीने ठरलेली वेळ आणि ठरलेलं भाडं आणलं. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्यागणिक पैसे, हा हिशेब सरपंचाला आणि शेतमजुराला सारखाच.

पण सारख्या भाड्यावर सवलती आल्या की माणसं वेगळी होतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९५६ साली रजा प्रवास सवलत सुरू झाली, तिलाच आपण एलटीसी म्हणतो. चार वर्षांचा एक गट धरायचा, त्यात आपल्या गावी आणि ठरावीक वेळा देशात कुठेही जाण्याचं भाडं सरकार देणार. राज्यातही 'स्वग्राम' आणि 'महाराष्ट्र दर्शन' हे शब्द शिक्षकांच्या आणि तलाठ्यांच्या घरात रुळले. आमच्या गल्लीतल्या गुरुजींच्या घरी अजिंठ्याचा आणि महाबळेश्वरचा फोटो होता, आमच्या घरी नव्हता. लहानपणी मला वाटायचं, गुरुजींना फिरायची आवड आहे. आवड होतीच, पण तिला शासन निर्णयाचा आधार होता. शेतकऱ्याच्या आवडीला असा आधार नव्हता, आणि शेतकऱ्याच्या बायकोला तर रजाच नव्हती.

एसटीने १९८८ पासून 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा पास काढला. एकदा पैसे भरायचे आणि मुदत संपेपर्यंत मनाला येईल त्या गाडीत बसायचं. नोकरी कोणती, हे विचारायचं नाही. पाठीला सॅक लावून महाराष्ट्र पाहिलेल्या कित्येक कॉलेजच्या पोरांनी तो या पासावर पाहिला आहे.

शेअरवरची साखर आणि खतावरचं बँकॉक

आता आपल्या तालुक्यात येऊ. लोणी आज राहाता तालुक्यात आहे. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो पाठ्यपुस्तकात असतो. सभासदाने आपला ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा आणि त्याबदल्यात भाव, शिवाय दिवाळीला शेअरवर सवलतीची साखर. आमच्याकडे कुणाच्या कार्डावर किती किलो साखर आहे यावरून घराची ऐपत ओळखत. निष्ठा मोजायची आणि तिचं फळ कार्डावर द्यायचं, हे नगर जिल्ह्याला कुठल्या विमान कंपनीने शिकवायची गरज नव्हती.

या साखरेसोबत कधीकधी सहलही येई. अनेक कारखान्यांनी सभासदांना अभ्यासदौऱ्यावर नेलं: मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कुठलं कृषी विद्यापीठ, कुठलं प्रदर्शन. दौऱ्यात अभ्यास किती आणि देवदर्शन किती, हा प्रश्न कुणी विचारत नसे. जाणारा मात्र तोच, ज्याच्या नावावर शेअर. ऊस खुरपणारीच्या नावावर शेअर क्वचितच असे.

पुढे याच जमिनीवर खरे 'ट्रॅव्हल पॉइंट' उगवले. माझ्या चुलत्यांचं, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, कृषी सेवा केंद्र आहे. खताच्या, औषधाच्या, बियाण्याच्या कंपन्या दुकानदाराला हंगामाचं टार्गेट देतात. इतका माल उचलला तर घड्याळ, इतका उचलला तर टीव्ही, आणि सगळ्यात वर परदेश सहल. सिमेंटवाल्यांना, पाइपवाल्यांना, टायरवाल्यांना अशाच सहली असतात. रंगाच्या डब्यात टोकन निघतं ते पेंटरचं, आता त्या जागी क्यूआर कोड आला. ग्रामीण महाराष्ट्रातून कित्येक जणांनी विमानाचा पहिला प्रवास या टार्गेटवर केला आहे. पासपोर्ट काढायला निमित्तही तेच.

तात्यांनी असं बँकॉक केलं. चार दिवस, हॉटेल, बस, जेवण, सगळं कंपनीचं. येताना सगळ्यांना चॉकलेटं आणि आजीला छत्री. माणूस खूश होता आणि खूश असायला हरकत काहीच नव्हती, दुकान त्यांनी रात्रंदिवस राबून वाढवलं आहे. पण त्या वर्षीच्या उचललेल्या गोण्यांत आमच्या आत्याच्याही गोण्या होत्या. आत्याची अडीच एकर पेरूची बाग आहे. भावाचं दुकान सोडून ती दुसरीकडे कधी गेली नाही, उधारी कधी ठेवली नाही, तीस वर्षं रोख. निष्ठावान गिऱ्हाईक याहून वेगळं काय असतं? पण कंपनीच्या वहीत आत्या नव्हतीच. तिथे फक्त दुकानाचं नाव होतं.

विमानातलं खातेपुस्तक

अमेरिकेत १९७८ साली विमानभाडी सरकारी बंधनातून मोकळी झाली आणि कंपन्यांची स्पर्धा पेटली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' ही योजना काढली. आरक्षणाच्या संगणकातून वारंवार उडणारे प्रवासी हुडकायचे, त्यांनी उडालेले मैल मोजायचे आणि मैलांवर तिकीट द्यायचं. लगोलग युनायटेडनेही तेच केलं. गोम अशी, की या प्रवाशांतले पुष्कळ जण कामासाठी उडत. तिकिटाचे पैसे कंपनी भरे, मैल मात्र कर्मचाऱ्याच्या नावावर जमत.

मग बँका आल्या. विमान कंपनी मैल छापते, बँका ते घाऊक विकत घेतात आणि कार्डवाल्यांना वाटतात. हा धंदा एवढा वाढला की २०२० साली कोरोनात विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून कर्ज काढलं. त्या वेळी योजनेची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर लावली गेली. सबंध कंपनीची शेअर बाजारातली किंमत तेव्हा त्याहून कमी होती.

आपल्याकडे १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, त्यामुळे निष्ठा ठेवायची तरी दुसरी कंपनी कुठे होती? १९९० च्या दशकात खाजगी कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर मैल आले. पण या खातेपुस्तकाला बँकेच्या खात्यासारखं संरक्षण नसतं. किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, तिचे 'किंग माइल्स' प्रवाशांच्या खात्यात तसेच राहिले. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली, तेव्हा तिची पॉइंटांची योजना वेगळी कंपनी असल्यामुळे वाचली आणि 'इंटरमाइल्स' या नावाने चालू राहिली. विमान गेलं, पॉइंट उरले. आपले पॉइंट म्हणजे आपले पैसे नव्हेत. ते समोरच्याचं वचन असतं आणि त्याच्या अटी तोच बदलतो.

सरकारी वचनालाही हे लागू आहे. रेल्वेत ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये ती कोरोनाचं कारण देऊन थांबवली. कोरोना ओसरला, गाड्या पूर्ववत झाल्या, ही सवलत मात्र परत आली नाही.

आता कार्डाच्या पॉइंटांचे पैसे कोण देतं ते बघू. तुम्ही क्रेडिट कार्डाने हजाराची खरेदी केली की दुकानदाराच्या हातात हजार पडत नाहीत. साधारण दीड-दोन टक्के मधेच कापले जातात. तुमचे पॉइंट त्यातून येतात. दुकानदार तो खर्च भावात मिळवतो, आणि भाव तर रोख देणाऱ्यालाही तोच. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेपुरता याचा हिशेब मांडला: रोखीने व्यवहार करणारं सरासरी घर वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्या घरांना देऊन टाकतं आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी घराला १,१३३ डॉलर मिळतात. गरिबाकडून श्रीमंताकडे, कुणाच्याही नकळत. यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर आपल्याकडे २०२० पासून ही कपात शून्य आहे. म्हणूनच बँक खात्यातून यूपीआय केलं तर पॉइंट सहसा मिळत नाहीत, मिळालंच तर एक स्क्रॅच कार्ड मिळतं आणि ते खरवडल्यावर 'बेटर लक नेक्स्ट टाइम' निघतं.

तीन बजेट

एवढा इतिहास पचवून मी वही घेतली आणि मुंबईचे तीन हिशेब मांडले. तुमचंही गाव असंच कुठेतरी असेल, तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिलं बजेट, हात राखून. इथे कार्ड लागतच नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना राज्यात एसटीचं अर्धं तिकीट आहे. आजी ७८ वर्षांची, तिचं शून्य. आई, आत्या आणि मी, तिघींचं अर्धं. म्हणजे चार बायकांचा मुंबईचा प्रवास दीड तिकिटात. ओळखपत्र जवळ ठेवायचं, आरक्षणाचा आकार वेगळा. रात्रीची गाडी धरली तर पहाटे मुंबईत आणि एका रात्रीचं भाडंही वाचतं. मुक्काम पाहुण्यांकडे, फिरायला बेस्ट, बघायला राणीची बाग, गेटवे, चौपाटी. कुठलीही विमान कंपनी मला एवढी सवलत देत नाही, आणि ही मिळवायला आधी काही खर्चावंही लागत नाही. तिचे पैसे सरकार एसटीला भरून देतं, म्हणजे आपणच सगळे कररूपाने देतो. एसटीच्या कामगारांचा पगार आणि गाड्यांची दशा बघता ते पैसे वेळेवर पोहोचणं फार महत्त्वाचं आहे. पण पैसे कोण देतंय आणि प्रवास कोण करतंय, हे इथे निदान उघड्यावर आहे.

दुसरं बजेट, मधलं. रेल्वेने जायचं, दादरकडे साधा लॉज. पॉइंट वापरायचे ते तिकिटाच्या किंवा खोलीच्या बिलातून थोडे वळते करायला. पहिली गोष्ट एकच तपासायची: पॉइंटची किंमत. जी वस्तू घ्यायची तिची रोख किंमत भागिले लागणारे पॉइंट. वीस पैसे येत असेल तर थांबा, पन्नास पैसे येत असेल तर घ्या. मिक्सर आणि बॅगांच्या कॅटलॉगमध्ये बहुधा सगळ्यात कमी भाव मिळतो. आणि पॉइंटवर काढलेलं तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत येतात का, हे काढण्याआधी वाचा.

तिसरं बजेट, जिवाची मुंबई. फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीहून वंदे भारत आहे. ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटून रात्री अकराच्या आत सीएसएमटीला पोहोचवते. गाडी सुरेख, पण पोहोचल्या पोहोचल्या एका रात्रीचं हॉटेल अंगावर. समजा समुद्राजवळची बरी खोली ६,००० रुपयांना आहे आणि तीच १२,००० पॉइंटांत मिळते. शंभर रुपयांना दोन पॉइंट या माझ्या कार्डाच्या दराने १२,००० पॉइंटांना सहा लाखांचा खर्च करावा लागतो. सहा लाख खर्चून सहा हजारांची खोली. शंभराला एक रुपया. खोलीसाठी म्हणून खर्च करणारा यात कधीच जिंकत नाही. जो खर्च होणारच होता, त्यातून जे पडलं तेवढंच आपलं.

आणि एक महिना बिल थकलं तर? पन्नास हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,७५० रुपये. तेवढ्या किमतीचे ३,५०० पॉइंट मिळवायला पावणेदोन लाखांची खरेदी करावी लागली असती. कार्डाचं बिल पूर्ण भरता येत नसेल तर पॉइंटांचा विचार सोडून द्यावा, एसटीचं अर्धं तिकीट काढावं आणि निवांत झोपावं.

१४,००० कुणाचे?

मग शेवटचा हिशेब राहिला. १४,००० पॉइंट म्हणजे सात लाखांचा खर्च. माझ्या पगारात तीन वर्षांत एवढा खर्च कार्डावर बसत नाही. मी जुनी बिलं उघडली. भावाची फी, १,२०,०००. तात्यांच्या दुकानाचा कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर, ९०,०००. आणि आत्याच्या बागेची मोटर आणि ठिबक, १,४०,०००. हे सगळं माझ्या कार्डावर घेतलं होतं आणि ज्याने त्याने मला पैसे दिले होते. आत्याने तर पाचशेच्या नोटा मोजून दिल्या होत्या, पिशवीसकट. म्हणजे भावाचे २,४०० पॉइंट, तात्यांचे १,८००, आत्याचे २,८००. उरलेले ७,००० माझे.

हे मी फोनवर वाचून दाखवलं. तात्या जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझे तिच्यात घाल." भाऊ म्हणाला, "माझेही." तात्या आणखी काही बोलले नाहीत आणि मीही गोण्यांचा विषय काढला नाही.

आत्या मुंबईला एकदाच गेली आहे. माझ्या मामांना, म्हणजे तिच्या मालकांना, उपचाराला नेलं होतं तेव्हा. चौदा दिवस तिने दवाखान्याच्या व्हरांड्यात चटईवर काढले. समुद्र तिथून चालत अर्ध्या तासावर होता. तिने तो पाहिला नाही. कुणी दाखवला नाही आणि तिलाही तेव्हा सुचलं नाही.

तर ठरलं ते असं. जाताना रात्रीची एसटी, दीड तिकिटात चौघी. तीन दिवस बोरिवलीच्या पाहुण्यांकडे. त्यातली एक रात्र आजी आणि आत्या समुद्राजवळच्या त्या खोलीत, १२,००० पॉइंटांवर. आरक्षण आत्याच्या नावाने केलं, त्यासाठी तिचं आधार कार्ड व्हॉट्सॲपवर मागवलं. मी आणि आई त्या रात्री बोरिवलीलाच. उरलेले २,००० पॉइंट मी तसेच ठेवले आहेत, त्यांची मुदत मार्चपर्यंत आहे.

आत्याची कुरबुर चालू आहेच. "एका रात्रीचे सहा हजार? तेवढ्यात बागेला दोन फवारण्या होतात." पैसे द्यायचे नाहीत, हे तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "दिलेत की मी. मोटर घेतली तेव्हाच."

एवढं बोलून तिने एक अट घातली. हॉटेलात उतरायचं असलं तरी पेरूची पेटी सोबत न्यायची. बोरिवलीला दोन वर्षांत काही गेलेलं नाही.